अमावास्येची सुकती

ऑफिसातल्या माझ्या मॉनिटरवर सध्या जो वॉलपेपर आहे तो बघून आतापर्यंत पाच जणांनी एकच प्रश्न विचारला. "युटा का रे? की ॲरिझोना?" फोटोत एक दरी आहे. वळणं घेत गेलेली, दोन्ही बाजूंना थरथर सुटलेले कडे, एका अंगाला केशरी ऊन, दुसऱ्या अंगाला निळसर सावली. टीममधल्या एकाने तर "पार्किंगला किती वेळ लागला?" असंही विचारलं.

पार्किंगला वेळ लागला नाही. कारण तो फोटो नागावचा आहे. अलिबागपासून पुढे, अक्षी ओलांडलं की आमचं नागाव. दरीची खोली चार बोटं. कॅमेरा वाळूपासून वीतभर वर होता आणि मी पालथा पडलो होतो. :)

तर मंडळी, या वीकेंडला त्या फोटोची गोष्ट. गोष्ट २०२५ च्या एप्रिलमधली आहे, लिहायला मुद्दामच वेळ लावला. का ते पुढे येईलच.

सुरुवात मात्र खरंच युटापासून करावी लागेल. २०२३ च्या ऑक्टोबरात कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी सॉल्ट लेक सिटीला पाठवलं होतं. ऑनसाइट म्हटल्यावर नागावला आमच्याकडे जो काय उत्साह पसरला तो सोडा, मला मात्र एकच सुचत होतं, की कॅन्यनलँड्स गाडीने जाण्याइतकं जवळ आहे. मेसा आर्चचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. कड्याच्या टोकावर दगडाची एक बुटकी कमान आहे. सूर्य उगवला की खालच्या कड्यावर आपटून वर आलेल्या उजेडाने कमानीची खालची बाजू निखाऱ्यासारखी पेटते. विंडोजच्या एका जुन्या वॉलपेपरमुळे ती घराघरांत पोचलेली आहे.

आम्ही दोघं, मी आणि एक तेलुगू मित्र, मोआबच्या मोटेलमधून पहाटे तीनला निघालो. आधी तासभर ताऱ्यांचे फोटो काढायचे, मग सूर्योदय, असा प्लॅन. कॅन्यनलँड्सला २०१५ पासून 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता आहे, आणि खोटं नाही सांगत, आकाश बघून मला क्षणभर भीती वाटली. इतके तारे असतात हे आपल्याला माहीत असतं, पण ते डोक्यावर येऊन बसले की वेगळंच वाटतं.

पण कमानीपाशी पोचलो तर तिथे आधीच नऊ ट्रायपॉड! सगळे खांद्याला खांदा लावून. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मागतात तशी मी जागा मागितली आणि मिळालीसुद्धा. सूर्य आला, कमान पेटली, सगळ्यांचे शटर वाजले. मीही वाजवलं. घरी येऊन बघतो तर माझा फोटो आणि इंटरनेटवरचे हजार फोटो यांत फरक काढायचा तर खालच्या कोपऱ्यात आलेला कुणाचा तरी बुटाचा लेस, एवढाच.

एक गोष्ट मात्र तिथून घेऊन आलो. आमच्या ओळीत नसलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते कमानीकडे पाठ करून, एकटेच पश्चिमेकडे कॅमेरा लावून उभे होते. मला वाटलं, म्हातारबुवा चुकले. नंतर गाडीपाशी त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. पश्चिमेच्या क्षितिजाला लागून एक निळाकाळा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. ते म्हणाले, हा खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपण ज्या गोळ्यावर उभे आहोत त्याचीच सावली, समोरच्या हवेवर पडलेली. सूर्य वर येतो तशी ती खाली सरकते आणि जमिनीत बुडते. वरच्या गुलाबी पट्ट्याला 'बेल्ट ऑफ व्हीनस' म्हणतात.

मी इंजिनिअर माणूस. फिजिक्सला बरे मार्क होते. आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मला हे माहीत नव्हतं. तेसुद्धा पश्चिमेला मोकळा समुद्र असलेल्या गावात जन्म घेऊन! आमच्याकडे लोक सूर्यास्त बघायला येतात. पहाटे समुद्राकडे तोंड करून कोण बसणार?

असो. परत येऊन दीड वर्ष झालं तरी ते डोक्यात राहिलं होतं. आणि मग एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला.

"कॅमेरा घेऊन ये या शनिवारी. वाडीचे फोटो काढून हवेत."

"कशाला?"

"एक पार्टी आहे मुंबईची. फोटो बघून मग येतो म्हणाला."

आता इथे थोडं मागे जावं लागेल. आमची वाडी चौदा गुंठ्यांची, समुद्राच्या बाजूला सुरूच्या बनाला लागून. माड, पोफळी, मध्ये विहीर, दोन रायवळ आंबे. माझ्या लहानपणी वाडीत भर दुपारी दिवा लावावा असा अंधार असे. आभाळ म्हणजे विहिरीपाशी गेलं की वर दिसणारा रुमालाएवढा तुकडा. बाकी सगळं झावळांचं छप्पर. पोफळ अशीच वाढते म्हणा, दाटीवाटीने, माडांच्या सावलीत. खाली सतत ओल, आळ्यांतून फिरणारं पाटाचं पाणी, आणि वर वाऱ्याचा तो सर्र सर्र आवाज.

३ जून २०२० ला हे सगळं चार तासांत संपलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर वाऱ्याने. लॉकडाऊनमुळे मी घरीच होतो, पहिली नोकरी, वर्क फ्रॉम होम. सकाळी मॅनेजरला 'नेटवर्क जाऊ शकतं' असा मेसेज टाकला, तो माझा पुढचे कित्येक दिवसांतला शेवटचा मेसेज ठरला. माड पडतो तेव्हा मुळासकट आडवा होतो, दणका बसतो. पोफळ तशी पडत नाही. ती मध्येच मोडते. काडी मोडल्यासारखा आवाज येतो. माजघरात बसून आम्ही ते आवाज ऐकत होतो. आजी मोजत होती. चाळीसच्या पुढे तिने मोजणं सोडलं.

दुपारी उशिरा वारा पडल्यावर बाहेर आलो तर पहिल्यांदा कळलंच नाही काय बदललंय. मग लक्षात आलं, उजेड. अंगणात इतका उजेड कधी नव्हता. वाडीच्या पश्चिमेला सुरूची झाडंही गेली होती आणि घरातून थेट समुद्र दिसत होता.

पंचनामे झाले. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी ५० हजार केली होती. आता एक हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. चौदा गुंठ्यांचा हिशोब तुम्हीच करा. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये, मोजमापच तसं आहे. कोकणातली वाडी हेक्टरात मोजायची वस्तूच नाही, ती झाडांत मोजायची असते. आणि पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडाला जवळपास तेवढीच. बाबांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. आजीने त्याच पावसाळ्यात हट्टाने तीसेक पोफळीची रोपं लावून घेतली. ती २०२२ ला गेली.

तर पार्टी. बाबांचे गुडघे दुखतात, माडावर चढायला पाडेकरी मिळत नाही, ताई वापीला, मी पुण्यात. आणि एक गोष्ट जी फोनवर कुणी बोललं नाही ती ही, की मी मागच्या दिवाळीत हिंजवडीजवळच्या एका टू बीएचकेचं ब्रोशर घरी आणून दाखवलं होतं. डाऊन पेमेंटचा आकडाही सांगितला होता. मी मागितलं नव्हतं. पण दाखवलं तर होतं.

शनिवारी, २६ एप्रिलला बाइकवरून निघालो. खोपोली, पेण, वडखळचं ट्रॅफिक, कार्ले खिंड. कॅमेरा निकॉनचा सेकंडहँड, लेन्स त्यासोबत आलेली अठरा-पंचावन्नची. कॅलेंडर आधीच पाहून ठेवलं होतं. रविवारी चैत्री अमावास्या.

अमावास्येचं महत्त्व फक्त अंधारासाठी नाही, आणि हा भाग मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडला, त्यामुळे जरा पाल्हाळ सहन करा. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशोब आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. त्या रात्री चतुर्दशी होती, म्हणजे चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. ॲपने अकराच्या आतबाहेर सांगितलं. बाबांना ॲप दाखवलं तर ते म्हणाले, "तुझं ॲप पण पंचांगच वापरतं बहुतेक."

आणि भरती साडेदहा-अकराला म्हणजे सहा तासांनी, पहाटे पाचच्या सुमारास सुकती. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. त्यातून अमावास्या म्हणजे उधाण. सूर्य-चंद्र एका ओळीत ओढणार, भरती मोठी तशी सुकतीही मोठी, पाणी लांब आत जाणार. म्हणजे बघा, ज्या रात्री आकाश सगळ्यांत काळं, त्याच पहाटे वाळू सगळ्यांत जास्त उघडी. योगायोग नाही हा. दोन्हीचं कारण एकच, चंद्र सूर्याच्या बाजूला जाऊन बसलाय. मला हे कळलं तेव्हा एखादा जुना बग सापडावा तसा आनंद झाला.

आणखी एक फायदा. शनिवारी संध्याकाळी नागावचा बीच म्हणजे जत्रा असते. घोडागाड्या, त्या चार चाकांच्या बाइक्स, पॅरासेलिंगची जीप. सगळी वाळू टायरच्या नक्षीने भरलेली. फोटो काय काढणार कपाळ! पण अकराची भरती ते सगळं पुसून टाकते. पाच वाजेपर्यंत पाटी कोरी.

रात्री जेवताना (वालाचं बिरडं, पांढरा कांदा, सोलकढी. उगाच सांगतोय) बाबा म्हणाले, "फोटो सकाळी सातला काढ. ऊन तिरपं असतं तेव्हा वाडी बरी दिसते." बाबांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही असा माझा समज होता.

तीनला उठलो. आई जागीच होती. "स्वेटर घाल," म्हणाली. एप्रिलात! मी वाडीतून बाहेर पडलो. आणि वाडीतच थांबलो, कारण वर पाहिलं तर ज्येष्ठा लालबुंद, तिच्याखाली वृश्चिकाची वळलेली शेपटी, आणि तिथून आकाशगंगा निघालेली. ती शेपटी म्हणजे मूळ नक्षत्र. आपल्या आकाशगंगेचं केंद्र त्याच भागात, धनू राशीच्या हद्दीला लागून आहे. मूळ हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण नाव बसलंय चपखल. माझ्या घराच्या मागच्या दारात उभं राहून मी आकाशगंगेचं केंद्र बघत होतो. आजीच्या काळात हे शक्य नव्हतं. वर झावळा होत्या.

तिथे एक फोटो काढला. अठरा सेकंद, आयएसओ तीन हजार दोनशे, ॲपर्चर पूर्ण उघडं. अठरा सेकंदच का, तर पाचशे भागिले लेन्सची फोकल लेंथ असा ढोबळ नियम आहे, आणि छोट्या सेन्सरला त्यात दीडपट धरायची. त्याहून जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. फोटोत वर तारे आले आणि खाली मोडक्या पोफळींचे उभे सोट. पाच वर्षं झाली तरी काही सोट तसेच आहेत. बाबांनी तोडले नाहीत.

बीचवर अंधार तसा पूर्ण नव्हता. उत्तरेला मुंबईचा पिवळट उजेड क्षितिजावर पसरलेला, मागे रिसॉर्टांचे एलईडी. युटाशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण दक्षिणेला, रेवदंड्याकडे तोंड केलं की बरं आकाश होतं. चारच्या सुमाराला आकाशगंगेचा जाड भाग बरोबर दक्षिणेला आला. पाणी बरंच मागे गेलं होतं, ओल्या वाळूवर ताऱ्यांचं अंधूक प्रतिबिंब. दमट हवेने लेन्सवर दर पाच मिनिटांनी वाफ धरत होती. बनियनच्या टोकाने पुसत होतो (प्रोफेशनल लोकांनी वाचू नये).

चौथा की पाचवा फोटो चालू असताना डावीकडून बॅटरीचा झोत आला. माझी शिवीच निघाली होती तोंडातून, पण चाल ओळखीची. बाबा होते. हातात थर्मास.

"बाबा, बॅटरी बंद करा! फोटो गेला!"

"मग साप दिसेल कसा?"

तो फोटो मी ठेवलाय. आकाशगंगेच्या खाली, वाळूवरून डावीकडून मध्यापर्यंत एक पांढरी नागमोडी रेघ. गुडघा दुखतो म्हणून डाव्या पायावर रेघ थोडी खाली येते, उजव्या पायावर वर जाते. अठरा सेकंदांत बाबा किती पावलं चालले ते मोजता येतं. एकवीस.

चहा पीत बसलो. बोलायचं काय हे दोघांनाही सुचत नव्हतं, म्हणून मी तारे दाखवायला लागलो. ज्येष्ठा, मूळ, धनू. त्यांना नक्षत्रं माझ्यापेक्षा जास्त माहीत होती, पंचांगातून, पण आकाशात नेमकी कुठली ते त्यांनी फारसं कधी बघितलं नव्हतं. मग मी म्हटलं, "घरातून पण मस्त दिसतंय आता. वाडीतून."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाडीतून आभाळ दिसायला लागलं तेव्हापासून मी रात्री वाडीत जात नाही."

मी कॅमेऱ्याची सेटिंग बघायला लागलो.

पाचच्या आधीच पूर्वेकडचं काळं फिकट व्हायला लागलं. दोन दिवसांपूर्वी सगळीकडे शुक्र, शनी आणि चंद्रकोर मिळून आकाशात हसरा चेहरा दिसणार असे मेसेज फिरले होते, त्यातला शुक्र आता सुरूच्या शेंड्यांवर एकटाच लखलखत होता. मी त्याच्याकडे पाठ केली. बाबा म्हणाले, "सूर्य तिकडून येतो रे." मी म्हटलं, "माहीत आहे. तुम्ही इकडे बघा."

सहाच्या जरा आधी पश्चिमेला, समुद्राच्या रेषेवर, तो पट्टा आला. आधी वाटलं धुकं आहे. राखाडी-निळा, शाईचं बोट फिरवल्यासारखा. त्याच्यावर गुलाबी. युटाच्या फोटोत होता त्यापेक्षा फिकट, आपल्याकडच्या हवेत बाष्प फार. पण होता. मी बाबांना सांगितलं, ती पृथ्वीची सावली आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्यात आपण पण आलो?"

"हो, तांत्रिकदृष्ट्या आलो."

"आणि वाडी?"

"वाडी पण."

पट्टा हळूहळू खाली सरकत समुद्रात गेला. सहा-सात मिनिटं असतील. मी ओळीने फोटो काढत होतो, ते नुसते बघत होते. हा माणूस त्रेसष्ट वर्षं या किनाऱ्यावर राहतोय.

सूर्य उगवला सव्वासहाच्या आसपास, पण आमच्याकडे तो पूर्वेच्या डोंगरांमागून आणि मग झाडांमागून येतो. त्यामुळे वाळूवर ऊन उलट्या क्रमाने पोचतं. आधी लांब, पाण्याच्या कडेला, आणि मग झाडांची सावली आखडत आखडत किनाऱ्याकडे सरकते. दरीतही असंच असतं, ऊन आधी वरच्या कड्याला लागतं आणि मग खाली उतरत तळाला पोचतं. फक्त तिथे उभं, इथे आडवं.

याच वेळेत तो वॉलपेपरवाला फोटो मिळाला. मोठ्या सुकतीला वाळूत मुरलेलं पाणी शेवटपर्यंत झिरपत राहतं, त्याचे बोटभर रुंदीचे ओहळ होतात, आणि ते वाळू कापत समुद्राकडे जातात. कडा कोसळतात, वळणावर बाहेरची बाजू खोदली जाते, आतल्या बाजूला गाळ साठतो. कोलोरॅडो नदीनेही हेच केलंय, तिला फक्त दगड कापायचा होता आणि वेळ बराच होता. त्यात मजा अशी की मेसा आर्चचा दगड हा मुळात वाळूच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दबून त्याचा दगड झालेला. आमच्या दऱ्यांचं आयुष्य मात्र पुढच्या भरतीपर्यंत. मी पालथा पडलो, कॅमेरा जवळजवळ वाळूला टेकवला आणि त्या चार बोटं खोल दरीत ऊन उतरायची वाट बघितली. खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या फ्रेममध्ये प्रचंड शिळा वाटत होत्या. एक खेकडा बाहेर येऊन कड्यावर उभा राहिला, तो फोटोही आहे, पण तो लावला तर युटाची थाप पकडली जाईल. :)

उठून अंग झटकत होतो तेव्हा बाबांनी हाक मारली. ते लांब उभे होते, उन्हात. म्हणजे आजूबाजूची वाळू अजून सावलीत होती आणि एकच उन्हाचा पट्टा, वीस-पंचवीस पावलं रुंद, किनाऱ्यापासून पाण्यापर्यंत गेलेला. त्यात ते उभे. त्यांची सावली मैलभर लांब.

"हे बघ," ते म्हणाले. मागे वळून झाडांच्या रांगेकडे हात केला. रांगेत एक खिंडार होतं आणि त्यातून सूर्य थेट येत होता. "हे आपलं. आपल्या वाडीतून येतंय."

मी बघितलं. खरंच. विहिरीच्या पंपाची खोली दिसत होती मधोमध.

तो फोटो मी काढला का? काढला. चांगला आला का? फार चांगला आला. या सगळ्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो तो आहे, आणि मला त्याची थोडी लाज वाटते. झाडं उभी असती तर तो पट्टा नसता. एखाद्या प्रदर्शनाला पाठवला तर निवडला जाईल असं वाटतं, पण त्याखाली काय लिहायचं?

सातला ठरल्याप्रमाणे वाडीचे फोटो. बाबा मागे उभे राहून सूचना देत होते. "सोट नको येऊ देऊस." मी डावीकडे सरकलो तर दुसरा सोट. उजवीकडे सरकलो तर पडलेला माड, त्यावर आता शेवाळ. विहीर घे, रस्ता घे, आंबा घे. आजीने लावलेल्या पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, त्यांचा एक घेतला. स्क्रीनवर झूम करून फोकस बघत होतो तर एका पोफळीच्या पानांखाली काहीतरी फुगीर, हिरवट.

"बाबा, ही पोय आहे का?"

"हो."

"पहिलीच?"

"माहीत आहे मला. आठ दिवस झाले."

आठ दिवस. म्हणजे मला फोन केला त्याच्या आधीपासून. मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही "आता गेटचा घे" म्हणून विषय पुढे नेला.

परत येताना अक्षीत थांबलो. तिथे शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतला सगळ्यात जुना म्हणतात तो. शाळेची सहल दरवर्षी तिथेच. वर चंद्र-सूर्य कोरलेत. दान दिलेलं चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, असा त्याचा अर्थ असतो. आणि जो मोडेल त्याच्यासाठी खाली गाढवाचं चित्र, त्याबद्दल मास्तर आम्हाला कधी नीट सांगायचे नाहीत. पाच मिनिटं उभा राहिलो. वर सूर्य होताच. चंद्रही होता, फक्त त्याच्याच उजेडात दिसत नव्हता.

फोटो निवडून बाबांना व्हॉट्सॲप केले, त्यांनी पार्टीला. बारा फोटो. त्यांत बाबांनी स्वतःहून एक जास्तीचा घातला होता, पश्चिमेच्या पट्ट्याचा, पृथ्वीच्या सावलीचा. का ते विचारलं नाही.

तीन दिवसांनी पार्टीचं उत्तर आलं. प्लॉट आवडला, भाव ठीक आहे, एकच शंका होती. बाबांनी मला मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केला. 'सूर्योदय समुद्रातून दिसतो ना? फोटोत तसंच वाटतंय.'

मी ऑफिसात एकटाच हसलो. रात्री फोन केला तर बाबाही हसत होते, खोकला येईपर्यंत. आई मागून विचारत होती काय झालं. "अरे त्याला सांगू काय," बाबा म्हणाले, "की सूर्य वळवून देतो, पण त्याचे वेगळे पैसे पडतील?"

"मग काय सांगितलंत?"

"अजून काही नाही सांगितलं. बघू."

पावसाळा आला. ब्रोशर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बिल्डरचा माणूस दर पंधरा दिवसांनी फोन करतो, मी 'बघू' म्हणतो. मागच्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, बाबांनी एक माणूस लावून सोट तोडून घेतले. मी विचारलं, विकायचं म्हणून की लावायचं म्हणून? ती म्हणाली, तूच विचार त्यांना.

या शनिवारी जातोय.